नदीचे सोमवार

आमच्या फ्रिजमध्ये नदी राहते. दुधामागे तिच्या तपकिरी काचेच्या बाटल्या, आणि त्यांना हात लावायची मला सक्त मनाई. बायको नदीकाठच्या लहानशा प्रयोगशाळेत आहे. पाण्यात विरघळलेला कार्बन मोजते, म्हणजे कुजलेल्या पानांचा आणि मातीचा पाण्यात उतरलेला अर्क. चौदा वर्षं, दर सोमवारी, पुलावरून बादली सोडून.

यंदा नवे साहेब आले. त्यांनी सगळे आकडे चाळले आणि म्हणाले, उन्हाळा काय, हिवाळा काय, आकडा दोनाच्या आसपास. पावसाळ्यात फार तर तीन. मग हे केंद्र चालवायचं कशाला? येत्या सोमवारी ते बंद करायचं ठरणार होतं. बायको दोन दिवस धड जेवली नाही. तिचं म्हणणं एवढंच, की पूर काही सोमवार बघून येत नाही. पाणी चढताना रानातला सगळा पालापाचोळा धुऊन आणतं, आणि नेमका तोच दिवस तिच्या वहीत नाही.

गुरुवारी सकाळी पाणी चढलं. मी नुकताच बसचालक म्हणून निवृत्त झालो होतो. घरी माशा मारण्यापेक्षा बायकोच्या उपयोगी पडावं म्हणून बादली घासून लख्ख केली, तिच्याबरोबर पुलावर गेलो, दोर ओढला. पाणी कोऱ्या चहासारखं. दुपारी यंत्राने आकडा दिला, अकरा. बायकोला हसू आवरेना.

तासाभराने तिचं तोंड उतरलं. नदीत सोडण्याआधी ती त्याच बादलीत थोडं शुद्ध पाणी घेऊन तेही तपासते, बादलीचीच काही भर पडते का ते बघायला. त्यात शून्य यायला हवं. आले सात.

"बादलीला काय लावलंत?"

"साबण," मी म्हणालो. "चांगला दोनदा."

साबणातही कार्बन असतो हे मला बस चालवताना कोणी सांगितलं नव्हतं. उंटावरचा शहाणा म्हणतात तो मीच. मी सुचवलं, साहेब काही शुद्ध पाण्याचा आकडा मागणार नाहीत, आपण मूग गिळून बसू. तिने असं पाहिलं की मूग मलाच गिळावे लागले. तिने अकरावर आडवी रेघ मारली आणि शेजारी कारण लिहिलं.

शुक्रवारी उजाडताच दुसरी बादली नुसत्या पाण्याने वीसदा विसळून पुन्हा गेलो. पूर ओसरू लागला होता. नदीचा आकडा आला सहा, शुद्ध पाण्याचा जवळजवळ शून्य.

सोमवारी मी साहेबांच्या उघड्या दाराबाहेर बाकावर बसून होतो. त्यांनी खोडलेल्या अकरावर बोट ठेवलं.

"बादलीला साबण लागला होता," बायको म्हणाली.

"कोणी लावला?"

"चूक माझ्याकडची आहे."

साहेबांनी बोट खाली शुक्रवारच्या सहावर आणलं. मग म्हणाले, "हे लिहिलं नसतंत तर मला कळलंही नसतं. स्वतःचा अकरा खोडणाऱ्या बाईंचा सहा मी खरा मानतो. केंद्र चालू राहू दे. आणि यापुढे पुराच्या दिवशीही पाणी घ्या."

परतताना मी विचारलं, माझं नाव का नाही सांगितलंस?

"चौदा वर्षांत पहिल्यांदा तुम्ही माझ्या कामाला हात लावलात," ती म्हणाली. "त्याची चहाडी करू होय?"

मला एकदम भरून आलं, आणि त्या चौदा वर्षांची लाजही वाटली.