ओल्या फडक्यातला मासा

आतिमच्या बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. खिडकीतूनही माणसं डोकावत होती. पास्टर उडोनं काचेच्या टाकीतला सापासारखा लांबडा मासा काढून ओल्या फडक्यात गुंडाळला होता, आणि प्रवचन संपेस्तोवर तो टेबलावर निपचित पडून होता.

"पाण्याबाहेरचा मासा म्हणजे मेलेला मासा," पास्टर म्हणाला. "पण यात आर्चिबाँगचा आत्मा उतरलाय. ऊठ बाबा, बायको वाट बघतेय."

त्यानं टाकीवर फडकं सोडलं. मासा पाण्यात वळवळत गेला. बायका रडायला लागल्या.

नवरा आर्चिबाँग वारल्यावर कालाबार शहरातल्या त्या गल्लीत आतिमचं दार कुणी वाजवलं नव्हतं. एकटीपुरती गारी, म्हणजे कसाव्याच्या कंदाचा रवा, भिजवायची, टाकीसमोर बसायचं, माशाशी बोलायचं. आता दर रविवारी घर भरत होतं. पास्टरनं मात्र आत्म्याचा निरोप म्हणून तिचं इन्सुलिन बंद केलं होतं. "नवऱ्यावर भरवसा की सुईवर?" एवढंच त्यानं विचारलं होतं.

त्या दिवशी तिची भाची इक्वो आली. ती शाळेत जीवशास्त्र शिकवायची. मावशीच्या पायाची चिघळलेली जखम बघून ती सरळ टाकीकडे गेली.

"पास्टर, आता मी काढते. प्रार्थना कुणी करायची नाही."

"मेला तर पाप तुझ्या माथी, पोरी."

"असू दे."

तिनं मासा ओल्या फडक्यात ठेवला, सगळ्यांना तळलेली केळी वाढली. खाणं, गप्पा आटोपल्यावर मासा पाण्यात सोडला. तो पोहत गेला.

"याला फुप्फुसं आहेत. अंग ओलं असलं की हवेवर तासन् तास जगतो. कोरडं फडकं का घेत नाही, पास्टर?"

"अश्रद्धांपुढे आत्मा बोलत नाही."

"पोहतो मात्र झकास," खिडकीतून कुणीतरी म्हणालं.

आतिम हळूच बोलली, "हा आधीही टाकीतून निसटायचा. कपाटामागे सापडायचा. आर्चिबाँग उचलून पाण्यात टाकायचा आणि चहा मागायचा."

"मग गप्प का बसलीस, मावशी?"

"बोलले असते, तर यांतलं कोण आलं असतं?"

 पास्टर मागल्या दारानं सटकला.

इक्वोनं मावशीसाठी इन्सुलिनची सुई भरली. निघालेल्यांना ती म्हणाली, "चमत्कार दिसला की प्रार्थना वगळून तेच करून बघा. तरीही घडलं, तर तो चमत्कार नव्हे; त्याच्या नादानं औषध सोडू नका. आणि आत्म्याला भेटायला येता, तसं कधी या बाईलाही भेटायला या."

माना हलल्या. घर रिकामं झालं.

मासा वर आला, हवेचा घोट घेऊन खाली गेला. आतिम बघत राहिली. या वेळी तिनं त्याला नवऱ्याच्या नावानं हाक मारली नाही.