दमा नव्हे, दम

दिल्लीच्या मयूर विहारमधल्या मराठी उपासना मंडळात दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी पाहुणा वक्ता यायचा. मंडळात हिंदू, ख्रिस्ती, बौद्ध अशी सगळी घरं होती, त्यामुळे कधी कीर्तनकार येत, कधी फादर, कधी भन्ते. वक्ता ठरवायचं काम नऊ वर्षं भालचंद्र देवधरांकडे होतं. केंद्र सरकारात अनुवादक म्हणून त्यांची हयात गेली होती. वक्त्याचा एखादा शब्द चुकला, तर चहाच्या वेळी ते त्याला गाठून सांगत.

२०१२च्या फेब्रुवारीत त्यांच्या सुनेनं, अलकनंदानं, वीणा लोंढे यांचं नाव सुचवलं. वीणाताई मूळच्या अहमदनगरच्या. दिल्लीतल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या.

"अगं, अध्यात्मावर बोलणारं माणूस हवं," भालचंद्र म्हणाले. "इंजेक्शनांच्या गोष्टी काय ऐकायच्या?"

"बाबा, एकदा ऐका तर. नाही पटलं तर पुढचा वक्ता बिल्कुल तुमच्या पसंतीचा."

रविवारी भालचंद्र मुद्दाम शेवटच्या रांगेत बसले. वीणाताई उभ्या राहिल्या, पण समोर कागद नव्हता.

"आपल्याकडची माणसं उपचारांसाठी इथल्या रुग्णालयात येतात," त्या म्हणाल्या, "आणि डॉक्टर हिंदीत काहीही विचारोत, 'हां जी' म्हणतात. मी रोज चर्चमध्ये मागायचे, देवा, यांचं ऐकणारं कुणीतरी पाठव. दोन महिने मागत राहिले. मग एकदा ध्यानात आलं, अहो, मीच तर तिथं उभी आहे आणि मला मराठी येतंय!"

सगळे हसले. वीणाताई पुढे बसलेल्या तरुण मुलींकडे वळल्या.

"ठणका म्हणजे काय, सांगा बरं?"

"पेन?" एकीनं भीत भीत विचारलं.

"आणि चमक? कळ? मुरडा?"

"अहो, ठणका म्हणजे आत ठोके पडल्यासारखं दुखणं!" मागून भालचंद्रांना राहवलं नाही. "चमक क्षणात येते आणि जाते. कळ लाटेसारखी उठते. मुरडा फक्त पोटात. इतकंही येत नाही?"

वीणाताईंनी लगेच विचारलं, "काका, मी अजून तिथं आपल्या माणसांचं बोलणं डॉक्टरांना सांगायला जाते. मंगळवारी सकाळी रुग्णालयात येता का?"

"मंगळवारी माझा उपास असतो."

"मी केळी आणते."

आता सगळं सभागृह मागे वळून बघत होतं. नाही म्हणायची सोय उरली नव्हती.

मंगळवारी सकाळी वीणाताईंनी दाखवलेल्या रांगेत भालचंद्रांना ठकूबाई भेटली. विट्याकडच्या एका खेड्यातली, पंचेचाळिशीची, चेहरा ओढलेला. मुलगा करोल बागेत सोनं गाळायच्या दुकानात कामाला होता, त्याला सुटी मिळत नव्हती. म्हणून नवरा धोंडीराम तिला घेऊन आला होता. दोघांनाही हिंदी जेमतेम. भालचंद्रांनी तिचे कागद चाळले. पानापानावर एकच निदान होतं, दमा.

"वरीस झालं पंप वढतीया," ठकूबाई म्हणाली, "पर काय बी फरक न्हाई."

"पहिल्या दिवशी डॉक्टरांना काय सांगितलं होतंत?"

"म्या म्हनलं, दम लागतो."

भालचंद्र थबकले. "कधी लागतो?"

"पान्याची घागर आनली की. आन् उतानं पडलं की तर जीवच घाबरतो. उठून बसावं लागतं."

नंबर लागला. खोलीतले तरुण डॉक्टर मान खाली घालून जुनीच औषधं पुन्हा लिहू लागले. भालचंद्र पुढे झाले.

"डॉक्टर साहब, एक मिनट. हमारी भाषा में दमा अलग और दम लगना अलग. दम लगना माने साँस फूलना. इन्होंने दमा कभी कहा ही नहीं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ते प्रश्न विचारत गेले, भालचंद्र ते ठकूबाईला मराठीत सांगत गेले आणि तिचं उत्तर परत डॉक्टरांना देत गेले, एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. मग डॉक्टरांनी तिला डाव्या कुशीवर वळवलं आणि स्टेथोस्कोप लावून कितीतरी वेळ ऐकत राहिले. त्याच दिवशी हृदयाची तपासणी झाली. हृदयातली एक झडप आकसली होती.

तीन आठवड्यांनी पायातल्या शिरेतून फुगा नेऊन डॉक्टरांनी ती झडप उघडली. घरी सोडायच्या दिवशी ठकूबाई वॉर्डपासून फाटकापर्यंत कुठंही न थांबता चालत आली. मागून सामान घेऊन येणारा धोंडीराम धापा टाकत होता.

"दादा, ह्यास्नी दम लागलाय, मला न्हाई!" ती मोठ्यानं हसली.

धोंडीराम भालचंद्रांच्या पायाशी वाकला. त्यांनी त्याला अर्ध्यातच धरलं आणि मिठी मारली. अनोळखी माणसाला अशी मिठी त्यांनी जन्मात मारली नव्हती.

जूनपर्यंत मंडळातली अकरा माणसं आळीपाळीनं रुग्णालयात जाऊ लागली. त्यात त्या तरुण मुलीही होत्या. भालचंद्रांनी त्यांच्याकडून दुखण्याचे चाळीस शब्द पाठ करून घेतले होते आणि तोंडी परीक्षाही घेतली होती. रुग्णालयानं त्यांच्यासाठी व्हरांड्यात टेबल दिलं.

एका सकाळी शेजारच्या विभागातले बडे डॉक्टर स्वतः बाहेर आले. "वो मराठीवाले अंकलजी कहाँ हैं?"

व्हरांड्यातल्या गर्दीत भालचंद्रांनी हात उंच केला. "इधर! आया!" म्हणत ते झपाझप निघाले.