मुंगीचा हप्ता

शाळेच्या प्रयोगशाळेत त्या सोमवारी सकाळी एक वजनकाटा होता, दंड मोजायच्या तीन पट्ट्या, शेंगदाण्याच्या पौष्टिक पेस्टची सहाशे तीस पाकिटं, अकरा आया, तेरा बाळं (दोघींना जुळी), आणि कोपऱ्यात एक सांगाडा. सांगाड्याच्या डाव्या हाताला दोनच बोटं उरली होती आणि खांद्यावर आयांच्या पिशव्या लटकत होत्या.

शहराच्या खालच्या भागात दोन टोळ्यांची जुंपली, घरं जळली आणि तिथली माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी या शाळेत राहायला आली. त्यांच्या रोडावलेल्या बाळांना वजनावर आणायचं काम वजनताईकडे होतं. अन्नविज्ञानाची पदवी घेऊन तिला जेमतेम वर्ष झालं होतं. खरं नाव तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पण ते कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं.

तेरा बाळांत तिचा जीव अडकला होता तो मुंगीत. मुंगी चौदा महिन्यांची. दिसेल ते ओढून न्यायची म्हणून आजीने तिला हे नाव ठेवलं होतं. दिवसाला तीन पाकिटं मिळत असूनही पंधरा दिवसांत तिचं वजन सात किलो शंभर ग्रॅमवरून फक्त सात किलो एकशेवीसवर गेलं होतं. वजनताईने काट्यावर किलोचं माप ठेवून पाहिलं. काटा बरोबर होता. मुंगीला ताप नव्हता, जुलाब नव्हते. पाकीट दिसलं की ती वेष्टनासकट खायला बघायची.

डॉक्टर फोनवर म्हणाले, "आता थांबण्यात अर्थ नाही. उद्या गाडी पाठवतो. मोठ्या दवाखान्यात दाखल करू."

गाडीचा रस्ता त्याच जळलेल्या भागातून जात होता आणि बाळासोबत एकाच माणसाला जाता येणार होतं. मुंगीची आई हळूच म्हणाली, "ताई, त्या रस्त्याने परत नका पाठवू आम्हाला. आणि सासूबाई इथे एकट्या कशा राहतील?"

तेवढ्यात दारात पहारेकरी आला. माणूस सहा फुटी, मिशा झुबकेदार, पण मांजराला घाबरणारा.

"ताई, जरा बाहेर येता? एक आजी मला लाच देतायत."

"कसली?"

"ते काही कळत नाही. मोजून घ्या म्हणतायत."

बाहेर मुंगीची आजी एक गाठोडं घेऊन उभी होती. तिने ते वजनताईच्या हातात दिलं. "वीस आहेत. मागच्या सोमवारची दहा, आजची दहा. उशीर झाला खरा, पण तुमचं कोणी मागायलाच येईना. शेवटी मिशा बघून ह्यांना गाठलं."

गाठोड्यात शेंगदाण्याच्या पेस्टची पाकिटं होती.

"आजी, हे कशाला?"

"हप्ता गं. तूच नाही का म्हणालीस? हा पहिला हप्ता, सोमवारी दुसरा, हप्ता चुकवायचा नाही. चांगलं बोट नाचवून म्हणालीस."

आठवड्याची पाकिटं वाटताना म्हणाली होती खरी. वजनताईच्या डोक्यात हप्ता म्हणजे स्कूटरच्या कर्जाचा. आजीच्या बटणांच्या दुकानात मात्र दर सोमवारी दोन पोरं यायची आणि निम्मा गल्ला उचलून न्यायची. त्यांच्या गल्लीत त्या शब्दाला दुसरा अर्थच नव्हता.

वजनताईने मागोमाग बाहेर आलेल्या मुंगीच्या आईकडे पाहिलं. "आणि तुम्हीही काही बोलला नाहीत?"

"काय बोलणार? तुम्ही बाळाचा पापा घेता, आम्हाला चहा विचारता. म्हटलं, सभ्य टोळी दिसते."

पहारेकऱ्याला हसू आवरेना. आजी मात्र शांतपणे म्हणाली, "एकदा चुकला होता आमचा. म्हणून तर दुकान जाळलं."

पहारेकऱ्याचं हसू मिशांतच विरलं. वजनताई आजीजवळ बसली. "आजी, चुकलं माझं. इथे कुणाला काही द्यायचं नाही."

"आणि पुढच्या सोमवारी?"

"तेव्हाही नाही. तेव्हाही तुम्हीच घ्यायचं."

"असं कसं चालतं मग तुमचं?" आजीला खरंच काळजी वाटली. "बरं, मागची थकबाकी?"

"माफ. आणि ती सगळी एकदम मुंगीला चारायची नाहीत. दिवसाला तीनच."

आत जाऊन तिने, आणखी कुणी पाकिटं बाजूला ठेवली आहेत का, असं विचारल्यावर चार आया जमिनीकडे बघू लागल्या. पाचवी म्हणाली, "मी चौथाच हिस्सा काढला होता. बाकीची घासाघीस करणार होते."

वजनताईने तिथल्या तिथे ‘हप्ता’ हा शब्दच बंद करून टाकला. जो उच्चारेल त्याने एक बादली पाणी भरायचं. दुपारपर्यंत पहारेकऱ्याने तीन भरल्या.

सगळी हकिगत ऐकून डॉक्टर म्हणाले, "एक आठवडा देतो. सात किलो तीनशेच्या वर गेली तर राहू दे तिथेच. नाहीतर गाडी सोमवारी फाटकात उभी असेल."

आठवडाभर आजी दिवसातून तीनदा मुंगीपुढे मांडी ठोकून बसली. "कर आ. सगळं तुझंच आहे, कोणी येत नाही न्यायला." मुंगी पाकीट चाटून पुसून संपवायची आणि रिकामं पाकीटही द्यायला तयार नसायची.

सोमवारी गाडी आली. चालक फाटकात इंजिन बंद करून बसला. प्रयोगशाळेत मुंगीचे कपडे उतरवले, हातातलं कडं काढलं आणि तिला काट्याच्या तबकात ठेवलं. आकडा एकदम आठ किलो शंभरवर गेला.

"आजी, हात काढा."

"मी नुसता आधार देत होते."

"आधार नको."

आजीने हात मागे घेतला. मुंगीने तबकाची कड घट्ट धरली, पाय झाडले आणि आकडे वरखाली नाचू लागले. मुंगीच्या आईने डोळे मिटले. वजनताईने टाळी वाजवली, तशी मुंगी चमकून तिच्याकडे बघत क्षणभर स्तब्ध राहिली.

सात किलो तीनशे ऐंशी ग्रॅम.