दिवे पुरते मावळण्याआधी

ज्याने आपल्याला बोलायला शिकवले, त्यालाच थांबवण्यासाठी तोंड उघडावे लागणे, याहून अवघड प्रसंग शिष्याच्या वाट्याला क्वचितच येतो. गप्प राहावे तर विद्येचा अवमान. बोलावे तर, निदान वरवर पाहता, गुरूचा.

विद्युत अभियांत्रिकीच्या विभागप्रमुख बाई त्या दुपारी यंत्रांच्या प्रयोगशाळेत शिरल्या, तेव्हा असले काही त्यांच्या मनात नव्हते. इथेच त्यांना शिकवणाऱ्या सरांच्या नोकरीचा तो अखेरचा दिवस. शेवटचा तास सरांनी स्वतः मागून घेतला होता. तेलाचा आणि तापलेल्या वार्निशाचा तोच वास, फरशीतून तळव्यांना जाणवणारी तीच थरथर, यंत्राच्या काळ्या नियंत्रण-फलकावर तेच तीन दिवे. क्षणभर बाईंना आपल्या खांद्यावर वह्यांची पिशवी आहे असेच वाटले.

"या, फ्यूज!" सर म्हणाले.

विद्यार्थ्यांत खसखस पिकली.

"हसू नका रे. हिचा राग उडाला की वर्गात अंधार व्हायचा. आता विभागप्रमुख आहेत, तेव्हा जपून."

"सर, निदान आज तरी!"

"आज तर म्हणणारच. उद्यापासून कोण म्हणणार?"

प्रयोग जुनाच होता. फिरते जनित्र शहराच्या चालू पुरवठ्याला जोडायचे. दोघांची लय जुळेपर्यंत तिन्ही दिवे एकदम उजळतात, एकदम मंदावतात, जणू श्वास घेतात. लय जुळत आली की तो श्वास लांबतो. दिव्यातल्या तारेची अखेरची तांबूस रेघ विझली, की खटक्याची मूठ ओढायची. घाई केली तर यंत्राला असा हिसका बसतो की पाया हादरावा.

फलकापाशी कोणी बोलायचे नाही, हा सरांचा दंडक होता. अपवाद एकच शब्द, "थांबा". तो कोणीही, केव्हाही उच्चारावा; मूठ धरणाऱ्याने तत्क्षणी हात काढून पाठीमागे घ्यावा. कारण मागाहून विचारावे.

बाईंना हा दंडक अंगावर शेकून कळला होता. त्यांच्या विद्यार्थिदशेत एक वर्गमित्र याच मुठीपाशी घाई करीत होता. त्यांना ते दिसत होते. पण तो पडला वर्गात पहिला येणारा, आपण मध्ये कशाला तोंड घाला, म्हणून त्या गप्प राहिल्या. धडाका झाला. सर त्या मुलाला अवाक्षर बोलले नाहीत. ते बाईंकडे वळले आणि म्हणाले, "त्याचा हात चुकला. तुझी जीभ कुठे गेली होती?"

आज मूठ सरांच्या हातात होती. दिवे सावकाश उजळले, मंदावले, पुन्हा उजळले. मग मावळू लागले. मधल्या दिव्यात तांबूस रेघ अजून स्पष्ट होती, आणि सरांची बोटे मुठीभोवती आवळली.

बाईंच्या ध्यानात आले. सरांना ती रेघ दिसत नव्हती. भोवती विद्यार्थी उभे, शेवटचा तास, आणि ज्या हाताने निम्मा विभाग घडवला तो हात!

"थांबा!"

शब्द संपण्याच्या आत सरांचा हात पाठीमागे गेला होता.

"कारण?" सरांनी विचारले, अगदी पूर्वीच्याच स्वरात.

"तांबूस होतं, सर. मधल्यात."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावून दिव्यांकडे पाहिले. "मला काळोख दिसला," ते शांतपणे म्हणाले. मग विद्यार्थ्यांकडे वळले. "पाहिलंत? मूठ कोणाची आहे हे हिनं पाहिलं नाही. असं बोलायचं असतं." आणि जरा थांबून म्हणाले, "घरी बायको वर्षभर सांगतेय, डोळे दाखवून घ्या म्हणून. तिला मात्र हा शब्द वापरायची परवानगी द्यायची राहूनच गेली."

सारे मनमोकळे हसले. बाईंना हसता हसता पदर डोळ्यांना लावावा लागला.

"रडतेस काय? पुसून घे, नाहीतर तुलाही काळोख दिसेल. ये, मूठ धर."

त्यांनी मूठ धरली. सर मागे उभे राहिले, दोन्ही हात पाठीशी. दिवे उजळले, मंदावले, तांबूस झाले आणि पुरते विझले. बाईंनी खटका ओढला. मापकाचा काटाही थरथरला नाही.

"जुळलं," सर पुटपुटले.

त्या वृद्ध डोळ्यांना पुन्हा स्वच्छ दिसो. आणि त्या खोलीत मूठ धरणाऱ्या प्रत्येकाला वेळीच थांबवणारे कोणीतरी जवळ असो.