राखीव

लेसच्या टोकाचं प्लास्टिक निघून गेलं होतं आणि सुटलेले धागे बुटाच्या भोकातून काही केल्या पलीकडे जात नव्हते. त्याने टोक ओठांत धरून ओलं केलं, बोटांत पिळलं, पुन्हा घातलं... धागे पुन्हा फुटले, म्हाताऱ्याच्या मिशीसारखे. दुसरी लेस कपाटात होती. उठून ती काढायची, एवढंच काम. पण तो बूट मांडीवर घेऊन खाटेच्या कडेला तसाच बसून राहिला आणि त्याच्या मनात आलं, आज लेस घातली काय अन् न घातली काय.

आज तो खेळणार नव्हता.

काल सराव संपल्यावर प्रशिक्षकांनी त्याला गोलच्या जाळीमागे बाजूला घेतलं होतं. "उद्या तू बाहेर बस. मधे तो नवा खेळेल. वरच्यांची ती उजवी बाजू... तुला माहीतच आहे काय वेग आहे त्या पोराला." मग खांद्यावर हात, जरा जास्तच वेळ. "आणि हे कुठे बोलू नकोस. घरीसुद्धा नाही. संघ उतरल्यावरच कळू दे त्यांना. इथे भिंतींनाही कान असतात." बोलून गेल्यावर प्रशिक्षक ओशाळून हसले होते, कारण त्यालाच सगळे भिंत म्हणत. उंच, रुंद, कमी बोलणारा, खालच्या संघाच्या बचावातला मधला माणूस. ही भिंत आहे तोवर वरच्यांची डाळ शिजणार नाही, असं खालच्या गल्ल्यांतून पोरंसोरंही म्हणत.

शहरच उतारावर वसलेलं. चढावर राहणारे ते वरचे, पायथ्याचे ते खालचे, आणि दोघांचा फुटबॉलचा सामना आला की आठवडाभर न्हाव्याच्या खुर्चीतही माणूस कुठला हे विचारूनच वस्तरा लागायचा. सासुरवाडी वरची असेल तर जेवताना कुणी मान वर करत नसे. ...आणि या सगळ्यात तो कालपासून असा वावरत होता, जसा एखादा माणूस लग्नघरात मृत्यूची बातमी खिशात घेऊन वावरतो. नाही, तेही खरं नव्हतं. मृत्यूची बातमी असती तर छातीत दुखलं असतं. प्रशिक्षक बोलले तेव्हा त्याला पहिल्यांदा जे वाटलं ते वेगळंच होतं. दात काढायला गेलेल्या माणसाला डॉक्टरने आज राहू दे म्हणावं, तसं. हायसं. ते एका श्वासापुरतं होतं, पण ते आधी आलं, दुःख नंतर आलं, आणि हा क्रम त्याला रात्रभर उलटा लावता आला नव्हता.

"बाबांची दाढी झाली बरं का," बायको दारातून म्हणाली. "सकाळी उठल्यापासून आरसा मागतायत. दादांनी खुर्ची आणलीय, दोघं जण येणारेत उचलायला. मी म्हटलं डॉक्टर नको म्हणालेत, तर माझ्याकडे असं बघितलं..."

"हं."

"तुम्ही तरी सांगा. तुमचं ऐकतील."

तो बूट पिशवीत टाकून उठला. बाबांना चार पावलं चाललं तरी धाप लागायची. आणि बसायचं मात्र मैदानातल्या सगळ्यात वरच्या पायरीवर, खालून खेळाचा आकार दिसत नाही म्हणून. आता त्यांना खुर्चीसकट तिथवर चढवणार... कुणासाठी? एक वाक्य बोललं की म्हातारा घरात सुखाने बसेल. पण प्रशिक्षकांनी सांगितलंय ना, घरीसुद्धा नाही. ही सबब किती चांगली होती. इतकी चांगली की तिच्यावर त्याचा विश्वास बसेना.

दुपारपर्यंत त्याला काम होतं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. आज एका उंच इमारतीतली लिफ्ट मधल्याच मजल्यावर दार न उघडता थांबत होती. कामावरचा जोडीदार वरच्यांपैकी. तो दाराच्या खाचेतला कचरा काढता काढता म्हणाला, "काय भिंत, आज कुठून पाडायची तुला? डावीकडून की उजवीकडून?"

"तुम्हाला जिथून झेपेल तिथून."

"आमचा तो उजवीकडचा आहे ना, तो म्हणे झोपेत पण धावतो. बायको वैतागलीय." जोडीदार स्वतःच्याच विनोदावर हसला. "पण खरं सांगू, तू नसलास तर मजा नाही. तुला चुकवून गोल मारला तर तो गोल."

एक बाई भाजीची पिशवी घेऊन जिना चढत होत्या. त्याला बघून थांबल्या, धाप टाकत म्हणाल्या, "तुम्हीच ना ते? आमचे हे आजारी आहेत, पण रेडिओ उशाशी लावून ठेवलाय. तुमचं नाव घेतलं की त्यांना बरं वाटतं हो." तो कसनुसा हसला. लिफ्ट चालू होईपर्यंत त्यांनी तिथेच थांबायचं ठरवलं, आणि तो पाना घेऊन गच्चीवरच्या मोटारीच्या खोलीकडे जवळजवळ पळाला.

तिथून मैदान दिसत होतं. दोन माणसं चुन्याच्या रेषा मारत होती. एक गाडा ढकलत होता, दुसरा मागे सरळ आहे का ते बघत होता. तीच चौकट, गोलपुढची. गेल्या वर्षी तिथे तो उजवीकडचा पोरगा त्याच्या बाजूने सटकला होता—सटकला म्हणजे काय, आधी होता आणि मग नव्हता—आणि चेंडू नुसता खांबाला लागला म्हणून अब्रू राहिली. लोक टाळ्या वाजवत होते, भिंत, भिंत म्हणून. तो जागचा हललासुद्धा नव्हता. लोकांना वाटलं, धीर आहे. त्याला माहीत होतं, पाय उचललाच गेला नव्हता. त्या दिवसापासून प्रत्येक सामन्याच्या आदल्या रात्री पोटात एक थंड गोळा येऊन बसायचा. काल रात्री तो आला नाही. वर्षभरात पहिल्यांदाच. आणि बायको अंधारात म्हणाली होती, आज कसे शांत पडलायत.

खाली कुणीतरी बटण दाबलं असावं. चाक फिरलं, दोर सरसरत गेले.

तो घरी आला तेव्हा बाबा पुढच्या खोलीत तयार होऊन बसले होते. गळ्याभोवती खालच्या संघाचा जुना रुमाल, गालावर ब्लेडचा बारीक ओरखडा. दादा बाहेर त्या दोघांना खुर्ची कशी धरायची ते दाखवत होता. वहिनी आणि बायको आत बाटल्यांत पाणी भरत होत्या. खोलीत दोघंच.

"बाबा, आज ऊन आहे."

"असू दे."

"तिथे धूळ उडते. दम लागला तर लवकर खालीसुद्धा आणता येणार नाही तुम्हाला. रेडिओवर ऐका ना."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. लहानपणी खोटं बोलल्यावर पाहायचे तसं नाही, थकल्यासारखं.

"मी आज खेळत नाहीये," तो म्हणाला. इतक्या हळू की त्याला वाटलं, बोललोच नाही. "बाहेर बसवलंय. कुणाला सांगायचं नाही अजून."

बाहेर दादा कुणाला तरी म्हणत होता, तिरकी धरू नका, घसरतील. बाबा श्वास गोळा करत राहिले. त्यांना आता काय वाटत असेल, ते काय म्हणतील, आपण काय उत्तर द्यायचं, हे सगळं त्याने रस्ताभर जुळवून आणलं होतं.

"मधे कोण मग?" बाबांनी विचारलं.

"तो नवा. मागच्या मोसमात आला तो."

"तो बरा आहे." पुन्हा श्वास. "डोक्याने चांगला काढतो. डावा पाय मात्र नुसता टेकायला आहे." विचार करता करता त्यांच्या चेहऱ्यावर एक अशी तरतरी आली जी त्याने कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती. "म्हणजे त्या उजवीकडच्याला तुमचे दोघं मिळून धरणार. हं. तसंच करायला हवं होतं. मागल्या वर्षीच."

मागल्या वर्षीच.

"तरी तुम्ही येणार?"

"न यायला काय झालं?" मग बाबांनी हात पुढे करून त्याचं मनगट धरलं. बोटं गार होती. "दादाला बोलू नकोस हां. तू नाहीस कळलं तर तो मला घरी बसवील."

खुर्ची आत आली. दोघांनी बाबांना उचललं, दारातून बाहेर नेताना बाबा हात वर करून चौकटीला जपत होते, आणि वहिनी मागून म्हणत होती, सावकाश, सावकाश. तो पिशवी घेऊन मागे उभा राहिला. ज्या गोष्टीने म्हातारा मोडेल म्हणून तो दिवसभर दबकत वावरला, ती म्हाताऱ्याने पानातल्या खड्यासारखी बाजूला काढून ठेवली होती. सुटका झाल्यासारखं वाटायला हवं होतं. त्याऐवजी कुठेतरी खोल त्याला राग आला, लहान मुलासारखा, की बाबांना इतकंही वाईट वाटू नये? आणि मागल्या वर्षी त्या वरच्या पायरीवरून त्यांनी नेमकं काय पाहिलं होतं? त्यांना कळलं होतं... सगळ्या टाळ्यांमध्ये एकटे हात न हलवता बसलेले बाबा त्याला आता दिसू लागले. तसे ते बसले होते की नाही, कोण जाणे.

संध्याकाळी संघ मैदानावर आला तेव्हा तो सगळ्यात शेवटी निघाला, राखीव खेळाडूंचं जाकीट गळ्यापर्यंत ओढून. लोकांना कळायला क्षणभर लागला. खालच्यांच्या बाजूने एक गुणगुण उठली, मधमाश्यांचं पोळं हलवल्यासारखी. कुणीतरी त्याच्या नावाने हाक मारली, बाकीच्यांनी ती उचलली नाही. वरच्यांकडून शिट्ट्या. जोडीदारही तिथेच कुठेतरी असेल.

तो बाकावर बसला. शेजारचा राखीव गोलकीपर काहीतरी बोलत होता, हवेबद्दल. समोर तो नवा मधल्या जागेवर उभा राहून टाचेने गवत उकरत होता, पुन्हा पुन्हा, एकाच ठिकाणी, आणि एवढ्या लांबूनही त्याचे खांदे कानांपर्यंत चढलेले दिसत होते. घाबरलाय. चांगलाच घाबरलाय. त्याला जाऊन सांगावं, तिथे उकरू नकोस, माती सैल होते, वळताना पाय जाईल... त्याने सगळ्यात वरच्या पायरीकडे पाहिलं. खुर्ची दिसली, रुमालही. बाबा बाकाकडे बघत नव्हते. पुढे वाकून ते मैदान बघत होते, रिकामं, अजून काहीच न घडलेलं.

पंचांनी शिटी तोंडाकडे नेली, आणि त्याच वेळी पोटात तो थंड गोळा येऊन बसला. तोच, ओळखीचा, वर्षभर ज्याला तो मनोमन शिव्या घालत आला तो. बुटांतल्या बोटांनी जमीन धरली. रात्री चुकलेला पाहुणा उन्हातान्हातून हुडकत यावा तसा तो आला होता, आणि त्या गोळ्याचा त्याला इतका लोभ वाटला की डोळे चुरचुरले. आता या पाहुण्याला बसवायचं कुठे, हे त्याला कळेना.