दोन तास पाच मिनिटं

“ताई, डॉक्टर म्हणतात, यांच्या हातात फार तर दुपारपर्यंत वेळ आहे. जमेल तेवढं लवकर निघा.”

फोनवर भावजय रडत नव्हती, म्हणूनच बाईंना ते खरं वाटलं.

सव्वीस वर्षं बाई या तिकीट कचेरीत बसत होत्या. कुठल्याही दोन शहरांची नावं घ्या, अंतर आणि विमानाचा वेळ त्यांच्या जिभेवर असे. सगळे त्यांना घड्याळबाईच म्हणत. भावाचं शहर बाराशे किलोमीटर. रस्त्यानं बावीस तास, विमानानं दोन तास पाच मिनिटं. गिऱ्हाइकांना हे हजारदा सांगितलेलं. स्वतः मात्र विमानात कधी पाऊल ठेवलं नव्हतं.

सव्वाअकराच्या विमानात एकच सीट उरली होती. त्यांनी ती अडवली. नाव भरायला दहा मिनिटं मिळत, नाहीतर सीट सुटून जाई. त्या पर्समधून ओळखपत्र काढतायत तोच दार ढकलून एक रंगारी आत आला. हातांवर ओला रंग, धाप लागलेली.

“बाई, आत्ताचं विमान पाहिजे!” त्यानं तेच शहर सांगितलं. “पोरगी शाळेच्या सहलीला गेलीय, तिथं गाडी उलटली. तीनला ऑपरेशन आहे. नऊ वर्षांची आहे हो. आई नाही तिला. बाबा आल्याशिवाय आत जाणार नाही म्हणतेय.”

“पुढचं विमान रात्री आठला आहे.”

“आणि आत्ता सकाळचं?”

संगणकाच्या पडद्यावर चार मिनिटं उरली होती. ‘भरलंय’ एवढं म्हटलं की झालं. कोणाला कळणार होतं? मागून कचेरीचे मालक हलक्या आवाजात म्हणाले, “बाई, तुमचं नाव टाका. सख्खा भाऊ आहे तुमचा.”

आई गेली तेव्हा भाऊ सात वर्षांचा होता. वर्षभर तो बाईंची वेणी मुठीत धरून झोपायचा.

तीन मिनिटं. दोन.

“नाव सांगा,” बाई रंगाऱ्याला म्हणाल्या. “आणि हात पुसा आधी, ओळखपत्राला रंग लागेल.”

तो टॅक्सीत बसून गेल्यावर त्यांनी भावजयीला फोन लावला. “मला नाही गं पोचता येत. फोन त्याच्या कानाशी धर.”

“ते बोलत नाहीत, ताई.”

“मी बोलते ना.”

आणि बाई बोलत राहिल्या. शाळेच्या पहिल्याच दिवशी तो आपला वर्ग सोडून त्यांच्या बाकावर येऊन बसला होता, गुरुजींनी उठवलं तर ‘माझी ताई इथं आहे’ म्हणाला होता, ते. सायकलवरून दोघं चिखलात पडली, ते. मालकांनी पाण्याचा ग्लास आणून ठेवला. तो तसाच राहिला.

एक वाजून गेल्यावर भावजयीचा आवाज आला. “ताई, आता थांबा.”

बाईंनी विचारलं, “ऐकलं का गं त्यानं?”

“तुम्ही बोलत होतात तोवर श्वास चालू होता.”

मालकांनी काही न विचारता रात्रीच्या विमानात बाईंचं नाव घातलं. बाई खुर्चीतून हलल्या नाहीत. तीनच्या सुमाराला फोन वाजला.

“बाई, रंगारी बोलतोय. वेळेत पोचलो. हात धरून पोरीला आत सोडलं, आता बाहेर बसलोय. तुमचे उपकार...”

“ते राहू द्या,” बाई म्हणाल्या.

“आवाज बसलाय का तुमचा?”

“हो,” बाई म्हणाल्या. “आज फार बोलले.”