वीतभर बांध

होळी झाली आणि सगुणाच्या परसात काकडीची तिसरी ओळ काही बसेना.

दोन ओळींची आळी खणून झाली. तिसरीसाठी फावडं घातलं, तर ते थेट हद्दीच्या दगडावर आपटलं. गेल्या उन्हाळ्यात याच जागेत तीन ओळी ऐसपैस मावल्या होत्या, वर पाय ठेवायला वाट उरली होती. जमीन म्हणजे काही लुगडं नव्हे, धुतली की आटायला. सगुणाने कमरेवर हात ठेवले आणि पलीकडे पाहिलं.

पलीकडे अरुणाचं परस. कोपरखैरण्यातल्या त्या रो-हाऊसच्या रांगेला मागे भिंती नव्हत्या. दोन घरांच्या मध्ये दगडांची एक ओळ, तीच हद्द. अरुणा साताऱ्याकडची, नवरा महापेला कंपनीत, आणि बोलणं असं गोड की मुंग्या लागाव्यात. ऊन तापायला लागलं तसा तिने मोगऱ्याच्या बुडाशी पाचोळा पसरला होता, ओल टिकावी म्हणून. तो पाचोळा सरकत सरकत हद्दीच्या दगडांवरही आला होता. ओल टिकावी म्हणून म्हणे! दगडांना कसली ओल लागते?

बांध कोरणं म्हणजे काय, हे सगुणाला कुणी शिकवायला नको होतं. तळवलीला त्यांचं भाताचं रान होतं तेव्हा सख्ख्या दिराने बांध कोरला होता. हे काम करायचं ते उन्हाळ्यातच. रान रिकामं असतं, माणसं सावलीला असतात, आणि एकदा चिखल झाला की कोण कुणाचं माप काढतो? दरसाल चार बोटं. सगुणा तेव्हा पोटुशी होती, तरी कोयता घेऊन बांधावर बसली आणि दिराला मागे रेटलं. पुढे नवं शहर आलं आणि बांधासकट सगळं रानच गेलं. तिचा नवरा नामा एका सकाळी जाऊन सरकारी साहेबापुढे कागदावर सही करून आला. तिला कळलं ते दुपारी, तांदूळ निवडताना. ते तिला आजही सलत होतं. आता मुलाने घेतलेल्या या घराचं परस तेवढं उरलं होतं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, त्यात तिचा काय दोष?

नव्या घरात आल्या आल्या तिने गावचा रिवाज पाळला होता. हद्दीच्या प्रत्येक दगडाखाली चुलीतला कोळसा पुरला होता. दगड हलवता येतो. कोळसा जिथल्या तिथे राहतो, कुजतही नाही. गावात बांधाचा तंटा मिटवायचा, तर पंच आधी कोळसा शोधतात. सगुणाने पाचोळा बाजूला सारून एक दगड उलटवला. खाली नुसती तांबडी माती. मग खुरपं अरुणाच्या बाजूला चालवलं आणि बरोबर वीतभर अंतरावर काळं लागलं.

नामा मिरचीच्या रोपांवर नारळीच्या झापांची सावली बांधत होता. ती तरातरा त्याच्याकडे गेली.

"अरुणानं बांध कोरलाय. वीतभर आत आनल्यान दगूड."

नामाने सुतळीला गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. "वीतभरच तं हाय. जाऊ दे ना."

"जाऊ दे, जाऊ दे करून सगला रान घालवलंत तुमी!"

नामाने पुढची गाठ मारायला घेतली. या एका वाक्यानंतर तो नेहमी असाच हातातल्या कामात शिरायचा.

त्या दिवसापासून सगुणा डोळ्यांत तेल घालून बसली. अरुणाने केलेली प्रत्येक गोष्ट तिला उलटी दिसायला लागली. मोगऱ्याच्या कळ्यांची ओंजळ आली, तर ही लाच. कोथिंबीर मागायला आली, तर ही टेहळणी. एके सकाळी सगुणा पुढच्या नळावरून मागे बादल्या ओढत होती, तेव्हा अरुणा म्हणाली, "मावशी, बादली अर्धीच भरत जा हो. गुडघे दुखतात ना तुमचे?"

सगुणा दचकली. गुडघ्यांचं दुखणं तिने या बाईला कधीच सांगितलं नव्हतं. म्हणजे बारीक लक्ष आहे तर! म्हातारीचे गुडघे कधी जातात आणि परस कधी मोकळं होतं, याची वाट बघतेय. रागाने तिने दुसरी बादली काठोकाठ भरली.

आता चोराला रंगेहाथ धरायचं बाकी होतं. दुसऱ्या दिवशी जेवणं उरकल्यावर तिने नामाला मोठ्याने, पलीकडे ऐकू जाईल असं सांगितलं, "मी तळवलीला बहिनीकडं चाल्लू, पापड लाटायला. सांजच्याला येन." आणि बसस्टॉपपर्यंत जाऊन, मागच्या गल्लीने फिरून, पाण्याच्या टाकीआड येऊन उभी राहिली. भर दुपार. गल्लीत चिटपाखरू नव्हतं, घराघरांतून टीव्हीचे आवाज तेवढे येत होते.

थोड्या वेळाने दगड घासल्याचा आवाज आला. सगुणाने पदर खोचला, तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं.

दगड नामा सरकवत होता. उकिडवा बसून, घाम गाळत, एकेक दगड आपल्याच परसात आणखी आत घेत होता. अरुणा हातात पाचोळ्याचं घमेलं घेऊन उभी होती आणि अवघडली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

"काका, मला नाही हे बरं वाटत," अरुणा म्हणत होती. "मावशींना सांगून टाका सरळ."

"सांगून आयकनारी हाय का ती? डाक्टर बोलला, वजन उचलू नको. ही बादल्या वडते. जागा र्‍हायली तं ही काकडीची आनखी एक वल लावनार, वल लावली तं पानी घालनार. जागाच कमी केली की आपसूक थांबल. तुमी घाला तेवढ्या पट्टीला पानी, बाय."

सगुणा टाकीआडून बाहेर आली. अरुणाच्या हातातलं घमेलं खाली पडलं. नामा उठलाच नाही, दगडावर हात ठेवून तसाच बसून राहिला.

तिला त्याची दया आली, आणि त्याहून जास्त राग आला.

"मना इचारलंत?" ती म्हणाली. आवाज चढलाच नाही, आणि त्यानेच नामा घाबरला. "रान दिलंत तवा नाय इचारलंत. आज वीतभर देतानाबी नाय."

"इचारलं असतं तं दिली असतीस?"

"नसती दिली."

"मंग?"

"मंग काय? मना नाय बोलायला तरी मिलालं असतं."

नामाने मान खाली घातली. "तवा सायबाला भ्यालो," तो हळूच म्हणाला. "आता तुना भितो."

अरुणा निघून जायला वळली. सगुणाने तिला हाताने थांबवलं. महिनाभर या पोरीला तिने मनात चोर ठरवलं होतं. तिच्याकडे बघायची लाज वाटत होती, तरी ती बघत राहिली.

मग सगुणा भुईवर बसली. नामाने नुकताच आत घेतलेला दगड दोन्ही हातांनी धरून तिने आणखी आत ओढला. तो काकडीच्या दुसऱ्या ओळीच्याही अलीकडे येऊन थांबला. मग दुसरा ओढला. नामा मदतीला पुढे झाला, तर त्याचा हात तिने झटकला. सगळे दगड तिने एकटीने रांगेत लावले. आता तिच्याकडे काकडीची एकच ओळ उरली होती.

तिने पदराने घाम पुसला आणि अरुणाला म्हणाली, "दुसऱ्या वलीला सकाली पानी घाल गो बाय, ऊन चढायच्या आत."

मग ती नामाकडे वळली.

"हां. आता ही मी दिली."